चौलच्या बागेतलं कारंजं
कारंजाच्या हौदातल्या शेवाळाचा वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. इंग्रज होते तेव्हाची गोष्ट. चौलला मी नवी सून. शेजारच्या मुंबईकर शेटनी बोटीने संगमरवरी कारंजं आणून बागेत बसवलं आणि सामाईक विहिरीवरचा रहाट दिवसभर त्याच्यासाठीच फिरू लागला. वैशाखात विहिरीचा तळ दिसला, तरी पाहुण्यांसमोर पाणी उडतच होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई हंडा घेऊन तडक बागेत शिरल्या. "बाई, ते शोभेचं पाणी आहे!" शेट ओरडले. "आमच्या पोरांना प्यायला न्हाय, शेट," म्हणत त्यांनी कारंजाखाली हंडा धरला. दुसऱ्या दिवशी शेटनी विहिरीलाच कुंपण घातलं. जाऊबाईंनी ते कोयत्याने तोडलं. लोक आजही त्यांच्या धिटाईचं कौतुक करतात. मला मात्र संताप येतो, की प्यायच्या पाण्यासाठी त्यांना कोयता उचलावा लागला.