न विचारलेली चौदा तारीख

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांना सगळे तारीखमास्तर म्हणतात. शिकवायचं म्हणाल तर त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही. तरी हे नाव त्यांना का पडलं, ते त्यांच्याशी पाच मिनिटं बोललात तरी कळेल. आपण सहज म्हणावं, "मास्तर, एक ते पाच तारखेपर्यंत गावाला चाललोय, घराकडे लक्ष ठेवा." मास्तर लगेच विचारणार, "पाच धरून, की पाच सोडून?" आपण म्हणावं, धरून. मग पुढचा प्रश्न, "पाचची संध्याकाळ येते का त्यात, की पहाटेच संपली पाच?" माणूस वैतागून गावाला जायचं रद्द करतो.

पण त्यांचं तरी काय चुकलं? पोटापाण्याचा धंदाच तो. गावातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणी विभागाचं कॉम्प्युटरचं काम मास्तरांकडे. तिथे साठलेल्या हजारो रिपोर्टांतून हवे तेवढेच बाहेर काढायची फंक्शनं ते लिहितात. एकदा त्यांनी मला समजावलं होतं. "कृती लिहून ठेवायची आणि तारखेची जागा मोकळी सोडायची. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, एवढं त्या जागेत भरलं की त्या दिवसांतले रिपोर्ट हातात. फंक्शन एकच, तारखा वाट्टेल त्या." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, की त्यांच्या बायकोने आतून विचारलं, "कोण आलंय?"

त्यांचं सगळ्यात लाडकं फंक्शन यादीचं. ज्यांच्या रिपोर्टात काही गडबड दिसली त्यांची नावं आणि फोन नंबर ते काढून द्यायचं. ते रोज सकाळी सहाला आपोआप चालावं अशी वेळ मास्तरांनी लावून दिली होती आणि मोकळ्या जागेत कायमचं लिहून टाकलं होतं: कालची तारीख. यादी छापून आठला फोनवाल्या सिस्टरांच्या टेबलावर. सिस्टर एकेकाला बोलावून घ्यायच्या. दवाखान्याचा नियमच होता, काही असलं तर फोन येईल, नाही आला तर समजा सगळं ठीक. ज्या दिवशी टेबलावर कागद नसायचा त्या दिवशी सिस्टर म्हणायच्या, "आज सगळे धडधाकट!" आणि चहा मागवायच्या.

तळमजल्यावर दादांचं शिवणकामाचं दुकान, मागे घर. दादा मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि जिभेने मास्तरांच्या वीस पट तिखट. एकोणीस वर्षांचा शेजार. पोटात दुखतंय म्हणून दादा कुरकुरायला लागले, तेव्हा मास्तरांनीच त्यांना हाताला धरून तपासणीला नेलं.

"रिपोर्ट आणायला परत यायचं का रे?" दादांनी विचारलं.

"नाही दादा. काही असलं तर फोन येईल. यादी माझ्या हातची आहे."

"मग वाचलो! तू तर श्वाससुद्धा तारीख टाकून घेतोस."

फोन आला नाही. दादांनी दुखणं मनावर घेतलं नाही. वहिनी, म्हणजे दादांची बायको, मागे लागल्या होत्या की दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. दादा म्हणायचे, "अगं, मास्तरची यादी आहे. तुझा माझ्यावर विश्वास नसेल, निदान त्याच्यावर तरी ठेव."

पाच महिन्यांनी एका सकाळी मास्तर कामाला निघाले, तर दादा स्वतःचीच पॅंट उसवत बसलेले.

"हे काय, दादा?"

"कंबर आत घेतोय. या वर्षातली तिसरी. गिऱ्हाईक असतो तर मीच मला परवडलो नसतो."

मास्तर हसले नाहीत. दुकानापुढच्या चार पायऱ्या उतरलेले परत वर आले आणि त्यांनी विचारलं, "तपासणी कितीला झाली होती आपली?"

"मला काय ठाऊक? तारखा तुझ्याकडे. बुधवार होता."

त्या दिवशी ऑफिसात मास्तर खुर्चीत नीट टेकलेसुद्धा नाहीत. सकाळच्या कामाची नोंद मशीन रोज ठेवतं, ती त्यांनी मागे मागे नेली. तेरा तारखेचे रिपोर्ट मागितले, दिले. पंधरा तारखेचे मागितले, दिले. मध्ये काही नाही. चौदाला बुधवार होता.

मग त्यांना आठवलं. त्या गुरुवारी मशीनच्या खोलीतल्या वायरी बदलायच्या म्हणून पहाटेपासून दुपारपर्यंत वीज बंद होती. सहाचं काम झालंच नाही. काम होताना बिघडलं असतं, तर मशीनने लाल अक्षरांत बोंब मारली असती. जे सुरूच झालं नाही त्याची बोंब कोण मारणार? शुक्रवारी सहाला काम वेळेवर उठलं आणि शहाण्यासारखं कालची तारीख मागून मोकळं झालं, म्हणजे गुरुवारची. बुधवार त्याच्या लेखी परवा झाला होता, आणि परवाचं विचारायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर जगाला "धरून की सोडून" विचारून पिडलं, त्याने एक अख्खा दिवस सोडला होता.

मास्तरांनी मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने चौदा तारीख भरली. अर्ध्या सेकंदात अकरा नावं आली. सातवं दादांचं.

विभागाच्या साहेबांनी कागद बघितला, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? आजच्या यादीत घाला ही अकरा. सिस्टर फोन करतील. तारीख कोण बघतंय?"

"मी बघतोय," मास्तर म्हणाले.

त्यांनी यादीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत खरी तारीख लिहिली, खाली सही केली आणि कागद स्वतः सिस्टरांकडे नेला. सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मास्तर, त्या दिवशी मी चहा मागवला असणार हो." मग फोन उचलून त्या म्हणाल्या, "एकेक करते. हा सातवा तुमच्या इमारतीतला ना? यांना पण करू?"

"नको. यांच्याकडे मी जातो."

दुपारची वेळ. दादा काज करत होते. मास्तरांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, वीज, गुरुवार, कालची तारीख, काही न वगळता. दादांनी सुई कापडात खोचून ठेवली.

"म्हणजे माझं नाव होतं?"

"होतं."

"आणि पाच महिने तू या दुकानासमोरून रोज जातोयस."

"हो."

"मी हिला गप्प बसवत होतो रे. ही रडायची, मी हसायचो. म्हणायचो, मास्तरची यादी आहे."

"दादा, मला माफ—"

"थांब. आत्ता मागू नकोस. आत्ता मागितलीस तर तोंडातून शिवी जाईल, आणि आत ही बसलीय. उद्या कितीला यायचं दवाखान्यात, तेवढं सांग."

अकरातल्या आठांचं फारसं काही निघालं नाही. दोघांचे उपचार वेळेत सुरू झाले. दादांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाच महिन्यांपूर्वी ऑपरेशन करता आलं असतं. आता पसरलंय."

मास्तरांनी फंक्शनला हात लावला नाही, फंक्शन बरोबरच होतं. रोजचं काम तेवढं बदललं. आता ते आधी बघतं की शेवटचा कुठला दिवस हाती लागला होता, आणि तिथून कालपर्यंतचं सगळं मागतं. नावं नसली तरी कागद निघतो, "आज कोणी नाही" असं छापून. साहेबांनी बैठकीत या सुधारणेचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मास्तर संडासात होते, ते बैठक संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

दादांच्या खाटेशी ते रोज संध्याकाळी बसायचे. दादा नको म्हणाले नाहीत, ये असंही म्हणाले नाहीत. शेवटी शेवटी हात थरथरायचे, तरी हातात काहीतरी शिवण हवं असायचं. मास्तर सुईत दोरा ओवून द्यायचे, दादा मुकाट्याने घ्यायचे. तिखट जिभेचा माणूस इतका गप्प बसतो, ही शिक्षा कुठल्या शिवीत बसली नसती. तीन महिन्यांत दादा गेले. माफीचा विषय कुणीच काढला नव्हता.

महिनाभराने वहिनी वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मास्तरांच्या बायकोने आत बोलावलं, तरी उंबरा ओलांडला नाही.

"एकच विचारायचंय, भावजी. त्या दिवशी फोन आला असता तर?"

तोपर्यंत दहा जणांनी मास्तरांना शिकवून ठेवलं होतं की असं विचारलं तर म्हणायचं, नशिबापुढे कुणाचं काय चालतं. मास्तरांनी दाराची चौकट धरली.

"ऑपरेशन झालं असतं, वहिनी. बहुतेक वाचले असते."

वहिनींनी मान हलवली. "खरं सांगितलंत," एवढं म्हणून त्या खाली गेल्या.

तेव्हापासून गच्चीवर जाताना जिन्यात मास्तरांची चाहूल लागली की त्या एका बाजूला थांबतात, भिंतीकडे बघत. मास्तर खाली मान घालून उतरून जातात. त्यांची पावलं वाजेनाशी झाली की मग वहिनी पुढची पायरी चढतात.