फ्रेंचचा पेपर आणि समुद्रपूरचे पाहुणे

मी जन्माची भित्री. परीक्षा असो, पाल असो, नाहीतर पाहुणे असोत, पोटात गोळा ठरलेला. अशा मुलीने इंटरला संस्कृत सोडून फ्रेंच घ्यायचं धाडस कसं केलं, ते मला अजून कळलेलं नाही. बाबा वर्ध्याला कचेरीत कारकून, मूळचे वडनेरचे शेतकरी. इंग्रजी साहेबाची, मग ही भाषा कोणाची, एवढंच विचारून त्यांनी मान डोलावली होती.

माझं घोडं अडायचं ते भूतकाळापाशी. फ्रेंचमध्ये मुख्य भूतकाळ दोन. आमच्या बाई सांगायच्या, जे नुसतं चालू होतं, पसरून बसलं होतं, त्याला एक. जे घडलं आणि संपलं, त्याला दुसरा. वारा वाहत होता, हा पहिला. छत्री उडाली, हा दुसरा. वर्गात हे सोपं वाटे. लिहायला बसले की प्रत्येक क्रियापदापाशी माझी पाचावर धारण बसे. पहिल्याची रूपं त्यातल्या त्यात सोपी, म्हणून मी सगळंच चालू ठेवून मोकळी व्हायची. तुझ्या निबंधात कधी काही घडणार आहे की नाही, असं बाई वैतागून विचारायच्या.

पेपराच्या आदल्या दिवशी, रविवारी, समुद्रपूरचे पाहुणे मला पाहायला आले. कापसाची शेती, घर चांगलं, मुलगा शिकलेला. तो बिचारा पाण्याचा पेला धरून खाली बघत बसला होता. बोलत होते त्याचे काका. मुलगी पसंत आहे, शिक्षण झालं तेवढं पुष्कळ, वैशाखात उरकून टाकू, असं ते म्हणाले. बी.ए.चं नाव कुणी काढलं नाही. मला तर बी.ए. करायचं होतं, त्याशिवाय मी कुणाकडे काही मागितलंच नव्हतं. बाबांनी दाराकडे पाहिलं. दारात मी उभी. आमच्याकडे मुलगी गप्प राहिली की होकार धरतात. मी मूग गिळून उभी राहिले, आणि गुरुवारी कुंकू लावायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात निबंध आला: काल आमच्या घरी. दोन्ही भूतकाळ योग्य जागी वापरायचे होते. दुसरं काही सुचेना, म्हणून कालचंच लिहायला घेतलं. आई भजी तळत होती, बाबा सारखी टोपी नीट करत होते. मग काकांनी विचारलं, बाबांनी हो म्हटलं, काकांनी गुरुवार ठरवला. घडलेल्या क्रियापदांखाली पेन्सिलीची बारीक रेघ ओढायची सवय बाईंनी लावली होती. तपासायला म्हणून वरून खाली पाहिलं, तर रेघा सगळ्या दुसऱ्यांच्या नावावर. मी उभी होते, ऐकत होते, घाबरत होते. लग्न माझं, आणि त्यात मी काहीच केलं नव्हतं. खरं सांगते, पहिली भीती वाटली ती मार्कांची. मग रडू आलं, आणि मग राग आला. तो काकांचा नव्हता, माझा मलाच आला होता.

शेवटी मी लिहिलं, मी म्हटलं की मला पुढे शिकायचं आहे. खाली रेघ ओढली. वाक्य बिनचूक होतं आणि साफ खोटं होतं.

घरी जाताना आमची गल्ली आली तशी मी पुढेच निघून गेले आणि विहिरीपर्यंत जाऊन, हिय्या करून परत फिरले. बाबा ओसरीवर चहा पीत होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"बाबा, मले लग्न नाई करायचं आत्ता. मले बी.ए. करायचं हाय."

बाबांनी कप खाली ठेवला. "मंग काल काऊन नाई बोलली?"

"मले कोणी विचारलंच नाई."

आईने आतून भांडं आदळलं. बाबा संतापले. दिलेल्या शब्दाचं काय, चार माणसांत नाक कापलं जाईल, शिकवल्याचं हेच फळ का, असं खूप बोलले आणि जेवायला उठले नाहीत. पण मी बोललेलं मागे घेतलं नाही.

सकाळी उठून पाहते तो बाबा समुद्रपूरच्या मोटारीने निघून गेलेले. काय सांगून येणार, ते आईलाही ठाऊक नव्हतं. माफी मागून तारीख अलीकडे आणतील, असंच मला वाटत राहिलं. आईने तांदूळ निवडायला दिले, तर मी खडे ठेवून तांदूळच फेकत होते.

बाबा संध्याकाळी आले. चेहरा उतरलेला होता. तिकडे बोलणी खाल्ली असावीत. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती. त्यांनी पाय धुतले, पंचाने पुसले आणि माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "इचं कॉलेज कधी सुरू होते?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"जुलैत," मी म्हटलं.