मुलाखतीत भेटलेले मामा

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला, की मला फैजपूरचा आमचा नोकरी-प्रशिक्षणाचा वर्ग आठवतो; मुलाखतीसाठी सगळ्यांची प्रमाणपत्रं तिथेच लॅमिनेट व्हायची. शेवटच्या दिवशी केळीच्या वेफर्सच्या कारखान्याचे साहेब मुलाखती घ्यायला आले. जागा एकच होती. महिनाभर घोकलेली स्वतःची ओळख मी सुरू केली, तर त्यांनी मधेच विचारलं, "गाव कोणतं?" "धरणगाव." "कोणाची मुलगी?" पाच मिनिटांत ते माझ्या आईचे मामेभाऊ निघाले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, तसे साहेब उठून सगळ्यांसमोर माझ्या पाया पडले. मग हळहळत म्हणाले, "बेटी, जिना पाय पडनू, तिले कामवर कशी ठेवू?" जागा माझ्यामागच्या मुलीला मिळाली. आता त्या वर्गात मीच शिकवते आणि पहिल्याच दिवशी बजावते, साहेबांनी गाव विचारलं तर जिल्हा सांगायचा आणि गप्प बसायचं.