झेंडूचा हार आणि धावपट्टी

झेंडूचा वास आला की माझ्या तळहातांना घाम फुटतो. विमान चालवायला शिकत असताना मी पहिल्यांदाच माझ्या गावी, सोलापूरला उतरत होते. उन्हात तापलेल्या धावपट्टीच्या कुंपणापाशी सगळी भावकी हार आणि आरतीचं ताट घेऊन उभी होती. आडवा वारा त्या एवढ्याशा विमानाला बाजूला ढकलत होता, जमीन वर येत होती. शेजारी बसलेले शिकवणारे सर एवढंच म्हणाले, "तू ठरव." या सगळ्यांच्या देखत परत वर जायचं? मी इंजिनाला जोर दिला आणि विमान उचललं. दुसऱ्या खेपेला चाकं नीट टेकली. हार घालत काकू म्हणाली, "आमच्यासाठी मुद्दाम फेरी मारलीस की, लई भारी!" मी नुसती हसले. आता सोलापूरला विमान घेऊन येते, तेव्हा घरी फोन करते तो उतरल्यावरच.