बिनआरशाचा कॅमेरा

"आरसाच नाय? मंग त्यो बगतो कसा?"

"तू बगतोस तो काय डोळ्यात आरसा बसवून?" कमालने कापडी पिशवीतला कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. "पुडं भिंग, मागं पडदा, मधी कायपन नाय. मिररलेस म्हनतात. त्यात पन फुल फ्रेम, म्हंजे पडदा मोटा."

"लय हलका हाय रं. आत काय घालायला इसरली नायत ना मानसं?"

"भिंग लाव, मंग सांग हलका."

महिपतने भिंग लावलं तसं त्या कॅमेऱ्याने डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखी पुढे मान टाकली. दोघंही खो खो हसले.

हातखंब्याच्या तिठ्यावर पंक्चरवाल्याच्या माडीवर महिपत भुवडाचा फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षांत पंचक्रोशीतली लग्नं, बारशी, नमनाचे खेळ, फॉर्मावर चिकटवायची तोंडं, सगळी त्याच्याच हाताखालून गेली. कमाल समुद्रकाठच्या भाट्याचा. दोघे रत्नागिरीच्या शाळेत एका बाकावर बसले आणि एका छडीने मार खाल्ला. पुढे हा तिठ्यावर आला, तो कुवेतला गेला, आणि अठरा वर्षांनी परतून मासळीचे दोन टेम्पो चालवू लागला. कॅमेरा त्याने पुतण्यासाठी आणलेला. पुतण्या तहा नोकरीला कतारला गेला आणि कॅमेरा कपाटात राहिला.

"आठ दिवस वापर," कमाल म्हणाला. "पटला तर तुजा. बदल्यात तुज्या दारातल्या दोन कलमांचा आंबा दोन मोसम माजा. पन पुडल्या रविवारी महरीनचा निकाह हाय, तो तूच काढायचास. माजा काढलास, आता पोरीचा काढ."

एरवी महिपतने लगेच टाळी दिली असती. आज नुसतं म्हणाला, "बगतंव."

कारण होता उजवा डोळा. गेल्या भादव्यापासून त्या डोळ्यापुढे कुणी पातळ ताक धरून उभं असल्यासारखं वाटे. फोटोवाल्याचा उजवा डोळा म्हणजे न्हाव्याचा उजवा हात, ही गोष्ट बाहेर सांगायची नसते. त्याने बायकोला, मालनलाही सांगितली नव्हती. मार्गशीर्षात एका घरच्या हळदीचे चाळीस फोटो असे मऊ आले की नवरी कोणती आणि करवली कोणती ते कळेना. "सॉफ्ट इफेक्ट हाय, मुंबयत सध्या ह्योच चालतो," असं त्याने ठोकून दिलं, आणि त्या बिचाऱ्यांनी माना डोलावल्या. खोटं पचलं, पण अंगी लागलं नाही. कमालच्या पोरीच्या निकाहाला इफेक्ट सांगून चालणार नव्हतं. या यंत्राच्या जोरावर उभं राहायचं की तोंड वाकडं करून नाही म्हणायचं, एवढंच त्याला आठ दिवसांत ठरवायचं होतं.

बैल घेताना माणूस आधी दात बघतो, मग वशिंड, मग दोन पावलं चालवून खूर. महिपतने कॅमेरा तसाच पारखायला घेतला. पहिल्या दिवशी त्याने घरच्या ओटीचा फोटो काढला. आमच्याकडच्या ओट्या म्हणजे दोन माणसं लोळली की संपल्या. जुन्या कॅमेऱ्यात अख्खं कुटुंब मावायला तो मागे मागे सरकायचा, आणि असा सरकता सरकता आजवर दोनदा गटारात आणि एकदा वरमाईच्या मांडीवर बसला होता. या फुल फ्रेममध्ये ओटी मावली, ओटीवरचा झोपाळा मावला, आणि दारातून डोकावणारी मालनसुद्धा.

"माजा कशाला काढतस? मी काय पावनी हाय?"

"तूच मधी आलीस."

"मी मधी नाय आले, तुजं यंत्र रुंद हाय," म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी तो वाडीबाहेर कातळावर गेला. पौष उतरणीला लागला होता, आंब्याला मोहोर आला होता, आणि तांबूस उजेड हळूहळू गवतात मुरत होता. नुसत्या डोळ्यांना आता झाडंसुद्धा करड्या गाठोड्यांसारखी दिसत होती. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तो थबकला. आत अजून दिवस होता. गवताची काडी न् काडी पिवळी होती, कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा तांबडा होता, खालच्या मळ्यात पाठ वाकवून भाजीला पाणी शिंपणाऱ्या बाईच्या हातातल्या बांगड्या हिरव्या होत्या. विशीत असताना याच कातळावर बसून त्याने अशीच संध्याकाळ पाहिली होती, इतकीच धुतलेली. त्याने कॅमेरा खाली केला, तर करडं. वर केला, तर उजेड. असं त्याने कितीदा केलं कोण जाणे. शेवटी कॅमेऱ्याने लाल दिवा दाखवून मान टाकली. बॅटरी संपली होती. फोटो काढले होते फक्त अकरा.

"नुस्ता बगायचा पन चारा खातो ह्यो," तो पुटपुटला आणि अंधार पडायच्या आत घरी आला.

दुसरी गंमत त्या हिरव्या चौकटीची. कुणाकडेही रोखलं की एक बारीक हिरवी चौकट टुणकन उडी मारून त्या माणसाच्या डोळ्यावर बसायची. तिथे बसली की तिथलं स्पष्ट, मग फोटोवाल्याला दिसो न दिसो. महिपतला हे देवाने धाडल्यासारखं वाटलं. दोन दिवस तो वाडीभर चौकट चारत हिंडला. ती शेजारच्या गाईच्या डोळ्यावर बसली. मळ्यातल्या बुजगावण्याच्या मडक्यावर चुन्याने काढलेल्या डोळ्यावर बसली. घरात भिंतीवरच्या त्याच्या बापसाच्या फोटोवर रोखलं, तर बापसाच्याही डोळ्यावर बसली आणि हललीच नाही. बापूस जाऊन चौदा वर्षं झालेली. यंत्राला त्याचं काही नव्हतं. डोळा दिसला, बसा.

खोडीही दिसू लागल्या. भाट्याच्या किनाऱ्यावर वाऱ्यात भिंग बदललं, आणि आडवा आरसा नसल्यामुळे बारीक रेव थेट आतल्या काचेवर गेली. मग पुढच्या प्रत्येक आभाळात एकाच जागी एक काळा ठिपका, माशी बसावी तसा. आतल्या मेनूच्या याद्या तर तलाठ्याच्या दप्तरासारख्या होत्या, शिरायचा रस्ता एक आणि बाहेर पडायचा सापडत नाही. पण एक गोष्ट त्याला अशी कळली की त्या दिवशी तो जेवताना घास हातात धरून बसून राहिला. जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो, आणि तेवढ्या क्षणापुरता डोळ्यापुढे काळोख होतो. ज्या क्षणाचा फोटो निघतो, तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. तीस वर्षांत हजारो माळा पडल्या, हजारो पोरी सासरी निघताना वळल्या, आणि त्यातला एकही नेमका क्षण त्याने पाहिलेला नव्हता. फोटो धुऊन आला की इतरांसारखा तोही पहिल्यांदाच बघायचा. या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात काळोख होतच नव्हता.

"जेव की. भाताला काय डोळं फुटलं?" मालन म्हणाली.

पाचव्या दिवशी वाडीतली काशीआजी आली. मालननेच तिला रिक्षात घालून तिठ्यावर आणलं. आमच्या वाडीत रीत अशी की सत्तरी गाठली की माणसाने चालता-बोलता असताना, मागाहून भिंतीवर हार घालून लावायचा फोटो काढून ठेवायचा. तो फडक्यात गुंडाळून ट्रंकेत राहतो आणि वेळ आली की बाहेर निघतो. काशीआजीचे असे तीन फोटो महिपतने काढले होते, सत्तरीला, शहात्तरीला आणि एक्याऐंशीला. तिन्ही तिने बाद केले. आता ती चौऱ्याऐंशीची होती.

"गेल्या फोटोतली बाय मेली तर लोक म्हनतील, तरनी गेली," ती स्टुलावर बसत म्हणाली. "मना फसवाफसवी नको. हाय तशी काड."

दुसरी रीत अशी की फोटो निघेपर्यंत श्वास धरायचा. कुणी शिकवलेली नाही, पण वाडीतली सगळी जुनी माणसं तसंच करतात. कॅमेरा खट् वाजला की सोडायचा. महिपतला आधीच सुचायला हवं होतं, पण तो यंत्राच्या तंद्रीत. बिनआवाजाची कळ चालू होती. काशीआजीने छाती भरून घेतली, डोळे वटारले. चौकट डोळ्यावर बसली. त्याने एक काढला, दोन काढले, वीस काढले. आजी तशीच. चेहरा आमसुलासारखा काळानिळा होत चाललेला.

"काड की मेल्या!" शेवटी ती फुटली. "का माजा जीव गेल्यावर काडनार हायस?"

मालन पोट धरून हसली. महिपतने घाईने पडद्यावर फोटो पाहिले, तर प्रत्येकात म्हातारीच्या तोंडावर आडवे काळसर पट्टे, लुगड्याच्या काठासारखे. छपराच्या एलईडी ट्यूबखाली ती बिनआवाजाची कळ असा दगा देते हे त्याला तेव्हा कळलं. निकाहाच्या हॉलमध्येही ट्यूबाच असणार. त्याने आवाजाची कळ चालू केली. पट्टे गेले, पण आवाज निघाला तो उंदराने खोबरं कुरतडल्यासारखा, चक. आजीला तो पटेना. ती श्वास धरूनच.

मग त्याने जुना कॅमेरा मालनच्या हातात दिला. "तू हिकडनं नुस्ता वाजव."

आजीने श्वास धरला. महिपतने नव्या कॅमेऱ्याने ताठ बसलेल्या आजीचा एक काढला. मग मालनने जुना कॅमेरा वाजवला. आजीने भलामोठा श्वास सोडला, खांदे पाडले, पदर सावरला आणि मालनकडे बघून बोळक्या तोंडाने अशी हसली की गालांच्या सगळ्या घड्या एकदम हलल्या. महिपतचं बोट तेव्हाच दाबलं गेलं. काळोख झाला नाही. हसू सुरू होताना, पुरं होताना आणि ओसरताना त्याने पाहिलं, जणू ओटीवर समोरासमोर बसून.

आजीने कॅमेरा नाकाजवळ धरून पडद्यावरचे दोन्ही फोटो पाहिले. "ही ताठ हाय ती ठेव. ही दुसरी कोन? बोळकं दाकवत बसलीय. मयताला शोबनार नाय."

"बरं."

"नि तुजा उजवा डोळा गेलाय."

महिपतने मान वर केली. "कोन म्हनतो?"

"मी म्हनतंव. मान वाकडी धरतस, कोंबड्यावानी. माजं दोनी डोळं कापायच्या आदी मी बी अशीच धरायची. नि मगाशी तू मना बगतच नव्हतास. त्या पडद्यात कायतरी उडी मारत व्हता, त्येला बगत व्हतास. म्हनून तर माजा जीव घुसमटला तो तुना कळला नाय."

मालन हसायची थांबली.

"सॉफ्ट इफेक्ट!" ती सावकाश म्हणाली. "जल्लं तुजं लक्षान! सॉफ्ट इफेक्ट म्हनं! त्या बायेला मी बाजारात छाती काडून सांगितलं, मुंबयची फ्याशन हाय!"

दोघी रिक्षातून गेल्यावर महिपत बराच वेळ आजीचा पट्टेवाला फोटो बघत बसला. चौकट डोळ्यावर अचूक बसली होती. म्हातारी घुसमटत होती, हेसुद्धा फोटोत स्पष्ट होतं. दिसलं नव्हतं ते फक्त त्याला. यंत्र चांगलं होतं, खोडीसकट चांगलं. पण महिपतने त्याच्याकडे डोळा मागितला होता, आणि ते काही त्याच्या हातातलं काम नव्हतं.

त्याने कमालला फोन लावला.

"कॅमेरा घेतो," तो म्हणाला. "खोट माज्यात हाय. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू दिसतोय. निकाह झाला की कापून घेतो. पन निकाहाला मना बारीकसारीक दिसनार नाय. तोंडं दिसतील. आता तू बोल."

पलीकडे टेम्पोचा हॉर्न वाजला, कुणीतरी बर्फाच्या लाद्या उतरवत होतं.

"तू काढ," कमाल म्हणाला. "पन माजा भाचा रय्यान दुसरा कॅमेरा घेऊन तुज्या बाजूला उबा रवंल. तुला राग येनार ते मला म्हाईत हाय. पन पोरीचा निकाह एकदाच हाय, यार."

महिपतला राग आला. कानशिलं तापण्याइतका आला. तीस वर्षांत त्याच्या शेजारी दुसरा कॅमेरा कुणी उभा केला नव्हता. त्याने खिडकीतून खाली महामार्गावरची धूळ पाहिली, एका डोळ्याने लाल आणि एका डोळ्याने नुसतीच धुरकट.

"रवूं दे उबा," तो म्हणाला.

"डावीकडं उबा करतो, तुला आडवा नाय येनार."

"उजवीकडं कर. तिकडचं मना दिसत नाय."

कमाल हसला नाही. "बरा," म्हणाला. "आंबा मातर दोन मोसम."

"एक. ट्यूबखाली पट्टे मारतो तुजा कॅमेरा. बॅटरी खातो. भाट्याची रेव आत घेऊन बसलाय."

"रेव तू घातलीस! दीड."

"आंब्याचा दीड मोसम कसा अस्तो रं मेल्या?"

जिन्यावर पावलं वाजली. फायलीत फॉर्म धरून एक बाई धापा टाकत वर आली. पासपोर्टाच्या आठ कॉप्या हव्यात, म्हणाली, रिक्षा खाली थांबलीय, आणि आधीच्या फोटोवाल्याने काढले त्यात कान दिसले नाहीत म्हणून हापिसाने परत पाठवले.

"ठेव, गिऱ्हाईक आलंय," असं कमालला सांगून महिपतने फोन खिशात टाकला, पांढरा पडदा खाली ओढला आणि स्टूल पुसून बाईसमोर सरकवला.

"बसा बाय. केस मागं घ्या. दोनी कान दिसूं देत."