मामींनी खरवडलेलं शेवाळ

आमचे रेणुकादासमामा लातूरच्या शाळेत विज्ञान शिकवत, तेही उर्दूतून, कारण निजामाच्या राज्यात रीतच तशी होती. घरी आले की तेच सगळं चंद्रप्रभामामींना मराठीत ऐकवत. बिचारीला भाकरी थापता थापता अर्धं जग पाठ झालं होतं.

एकदा हैदराबादच्या एका मासिकात त्यांनी ध्रुवाकडच्या तळ्यांबद्दल वाचलं. तिथली उथळ तळी हिवाळ्यात तळापर्यंत गोठतात, कित्येक महिने सूर्य दिसत नाही. तरी त्यातलं शेवाळ मरत नाही. सुकून, जगणं अगदी मंद करून ते पडून राहतं आणि बर्फ वितळला की पुन्हा हिरवं होतं.

"आमच्या औशाच्या बारवेत उन्हाळ्यात पायऱ्यांवर शेवाळाची पापडी धरती, ते बी तसलंच असंल की," मामी म्हणाल्या. "बघू तरी किती दिवस दम धरतंय." पुढच्या उन्हाळ्यात माहेरून येताना त्यांनी ती पापडी उलथन्यानं खरवडून पुडीत बांधून आणली. "चार-पाच वर्षं हात लावायचा न्हाई, अहो, मग पाण्यात टाकून बघू," अशी तंबीही दिली. त्याच वर्षी पटकीनं त्या गेल्या.

मामांनी पुडी जिवापाड जपली. मुदत उलटून गेली तरी सोडवेना. हिरवं झालंच नाही तर? एवढ्या भीतीपायी शहाणासुरता माणूस पुडीकडे बघत बसायचा. मला भारी चीड यायची. शेवटी एका संक्रांतीला मी त्यांची पाठच धरली.

आडाच्या पाण्यातून दुसरं शेवाळ शिरू नये म्हणून मामांनी पाणी उकळलं आणि घरातलं सगळ्यात शुद्ध भांडं म्हणून देवघरातल्या तांब्याच्या कळशीत रात्रभर निववलं. मग काचेच्या बरणीत सगळी पुडी रिकामी केली, चिमूटभरही मागे ठेवली नाही. शाळेत जाताना आणि आल्यावर वाकून बघत. पापडी भिजली, फुगली, पण करडी ती करडीच राहिली. मग कुजली.

काही महिन्यांनी हैदराबादचे वनस्पतिशास्त्राचे एक अध्यापक आमच्याकडे जेवायला होते. हकिकत ऐकून ते हळहळले. "तांब्याच्या कळशीतलं पाणी? अहो मास्तर, तांबं उतरलेल्या पाण्यात शेवाळ जगत नाही."

ते आधीच मेलं होतं की आपण मारलं, हे आता मामांना कधीच कळणार नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "मामा, औसा काय लांब हाय? उद्याच जाऊन दुसरी पापडी आणू."

"आणता येईल गं, विशाखा," मामा म्हणाले. "पण ती खरवडायला तुझी मामी कुठून आणू?"