दंडावरचा दोरा

देवदर्शन करून आलेला माणूस घरी पोचताच पटकीने आडवा होत असेल, तर देवाला जायचं तरी कशाला, असा त्या वर्षी माझा रोकडा सवाल होता. आमच्या चांदा जिल्ह्यात महाशिवरात्रीला मार्कंड्याची मोठी जत्रा भरते. मार्कंडेयाला महादेवाने यमाच्या हातून सोडवलं ते हेच ठिकाण, असं म्हणतात. सासूबाईंच्या हट्टापायी आम्ही गेलो, नदीचं पाणी प्यालो, आणि परतल्यावर माझ्या नवऱ्याचे डोळे खोल गेले, आवाज बसला. बैलगाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेताना वाटभर मी महादेवाशी भांडत होते.

दवाखान्यात डॉक्टर एकच आणि खाटा जत्रेकरूंनी भरलेल्या. ह्यांच्या अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की शीरच सापडेना. हात-पाय टोचून झाल्यावर कशीबशी उजव्या कोपराच्या खोबणीत एक सापडली आणि सलाईन सुरू झालं. "बाई, ही शीर गेली तर कठीण आहे," डॉक्टर म्हणाले. "बाटलीतून थेंब पडतोय का, बघत राहा. थांबला की हाक मारा." आणि ते पुढच्या खाटेकडे धावले.

तेवढ्यात सासूबाईंनी मार्कंड्याहून आणलेला काळा दोरा लेकाच्या त्याच हाताच्या दंडावर, सुईच्या वर बांधला. डॉक्टर ओरडले, मीही ओरडले. "देवाचा दोरा नाई काढाचा," त्या म्हणाल्या. हुज्जत घालायला वेळ कुणाला होता? दोन बोटं जातील इतका तो सैल करून डॉक्टरांनी नाद सोडला. माशा फार होत्या म्हणून मी ह्यांच्या हातावर धोतर पांघरलं आणि बाटलीकडे डोळे लावून बसले.

"दोरा पाय बरं पोरी, सुटला तं नाई?" जरा वेळ गेला की सासूबाईंचं पुन्हा तेच, दोरा बघ. इथे माझं कुंकू पणाला लागलंय आणि सासूबाईंना दोऱ्याची पडलीय! "आहे ना बाई! कुठी पळून नाई चालला तुमचा दोरा!" तरी त्या थांबेनात. शेवटी त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी तणतणत धोतर उचललं आणि दोऱ्याखाली बोट घालायला गेले. बोट जाईना. दोरा मांसात रुतला होता. कोपर टणक झालेलं, दंड सुजून गार पडलेला. सुई शिरेतून निसटली होती, पाणी मांसात भरत होतं, आणि वर थेंब मात्र अगदी इमानाने पडत होता.

मी किंचाळलेच. डॉक्टरांनी नळी बंद केली. दोरा कापायला त्यांनी कात्री घेतली तेव्हा सासूबाईंनी आपला हात बाजूला घेतला. पुन्हा शोधाशोध झाली. थोडंफार पाणी अंगात गेलं होतं म्हणून की काय, मघाशी न सापडलेली घोट्याजवळची शीर आता बोटाला लागली. संध्याकाळी हे पुटपुटले, "बैलायले पाणी पाजलं का?" मी पदर तोंडात कोंबून रडले.

ह्याला चमत्कार म्हणावं की सासूबाईंचा हेका, हे मी ठरवत नाही. मला बाटली बघायला सांगितली होती, मी बाटलीच बघत होते. आपली राखण कुठवर पुरते ते मला तेव्हा कळलं. उरलेलं महादेवावर सोडायला मी शिकले, कुरकुरत का होईना.

"मी म्हणलं होतं ना?" हे सासूबाईंकडून ऐकून ऐकून पुढे माझे कान किटले. आता त्या नाहीत. शिवरात्रीला ह्यांच्या दंडावर मीच दोरा बांधते आणि खाली बोट घालून बघते. बोट जातं. मग महादेवाला हात जोडते, आणि त्याच हातांनी सासूबाईंनाही.